फ्राऊ ब्रिंकमानचं पत्र

पोस्टमनने निळं पाकीट उंबऱ्याच्या आत सरकवलं तेव्हा वहिनी आईची कूस बदलत होती. एक हात आईच्या पाठीखाली, दुसरा कमरेखाली आणि तोंडाने "हं, आता एक, दोन..." असं चाललेलं. मी पाकीट उचललं, वरचं तिकीट पाहिलं आणि ओरडले, "वहिनी, जर्मनी!"

तिने आईला अर्ध्यात सोडलं नाही. उशी लावली, पांघरूण सारखं केलं, पदराला हात पुसत बाहेर आली आणि मग विचारलं, "अक्षर त्यांचं आहे?"

"नाही गं. टाइप केलंय. फ्राऊ ब्रिंकमानचं असणार."

तिचा चेहरा पडला नाही, पण होता तिथेच थांबला.

फ्राऊ ब्रिंकमान म्हणजे एसेन गावात दादा ज्यांच्याकडे भाड्याने राहत होता त्या बाई. दादा, माझा थोरला भाऊ यशवंत, सांगलीत इंजिनांच्या एका कारखान्यात होता. कारखान्याने त्याला दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोनाची तीन वर्षं झाली. आधी दर आठवड्याला पत्र यायचं, मग महिन्याला, आणि त्या साली, म्हणजे चौसष्ट साली, मे महिन्यापासून एक ओळ नाही. कारखान्यात विचारलं तर म्हणाले, "तिकडच्या लोकांनी ठेवून घेतलंय. बरे आहेत, काळजी करू नका." बरा आहे तर लिहीत का नाही, हे कोणी सांगेना. शेवटी श्रावणात मीच धीर करून फ्राऊ ब्रिंकमानला जर्मनमधून चिठ्ठी पाठवली होती, की दादा कुठे आहे आणि घरी कधी येणार. त्या चिठ्ठीचं हे उत्तर.

मला जर्मन येत होतं असं नाही. मी शिकत होते, आणि त्याचा मला फार गर्व होता.

विश्रामबागेला शेवडे सर राहत. लढाईच्या आधी ते रंगांचं रसायनशास्त्र शिकायला जर्मनीला गेले होते. परतले ते सहा भाषा घेऊन, आणि सांगलीत त्यांतली एकही कोणाला नको होती. मग कारखान्याचे इंजिनिअर जर्मनीला जायला लागले आणि सरांकडे वर्ग सुरू झाला. गुरुवारी आणि रविवारी, चार ते सहा. दोन इंजिनिअर, एक औषधांच्या दुकानाचे मालक आणि मी. दादाला जर्मनमध्ये पत्र लिहून चकित करायचं म्हणून मी गेले, आणि मग दादा राहिला बाजूला, मला त्या भाषेचंच वेड लागलं. मार्चमध्ये पुण्याला जाऊन परीक्षा द्यायची होती.

सरांना शब्दांची खोड काढायची हौस. एक शब्द धरायचा आणि त्याला युरोपभर हिंडवून आणायचा. एकदा त्यांनी 'गिफ्ट' धरला. इंग्रजाकडे भेटवस्तू. जर्मनीत तोच शब्द, पण अर्थ विष. स्वीडनला गेलात तर विष तर आहेच, शिवाय 'लग्न झालेला' असाही अर्थ. मूळ एकच, 'देणे'. "कोणी काय दिलं, एवढाच फरक," सर म्हणाले.

मी घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. दादाने पहिल्या वर्षी तिला कोलोन अत्तराची बाटली भेट पाठवली होती. हल्ली ती त्यातले थेंब पाण्यात घालून आईच्या कपाळावर पट्ट्या ठेवायची. भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "म्हणजे भेट, लग्न आणि विष. संसारच आला की गं एका शब्दात." मग हसली, "ती बाटली तेवढी इंग्रजीतली होती का जर्मनमधली, ते तुझ्या सरांना विचार."

अशी होती ती. नाव अनसूया, पण बोलायला तिखट. लग्न होऊन आली तेव्हा मला "वन्सं" म्हणायची, "तुम्ही" म्हणायची. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, आणि ती मला अहोजाहो करते म्हणून मला गुदगुल्या व्हायच्या. तिसऱ्या दिवशी आडावर मी तिला बजावलं, "मला वन्सं म्हटलंस तर मी ओ देणार नाही."

"आणि सासूबाई ऐकतील त्याचं काय?"

"आईसमोर वन्सं. आईच्या माघारी शरयू."

दादा गेला त्याच वर्षी आईला अर्धांगवायू झाला. मग समोर आणि माघारी असं काही उरलंच नाही. ती मला शरयू म्हणू लागली, तू म्हणू लागली. हेही मी सरांना सांगितलं होतं, कारण जर्मनमध्ये असंच 'डू' आणि 'झी' असतं, तू आणि तुम्ही. सर म्हणाले होते, "एक लक्षात ठेवा हं. तिकडे एकदा 'डू' झालं की परत 'झी' होत नाही. झालंच, तर समजायचं नातं संपलं."

तर ते पत्र. मी ओसरीवर बसले, वहिनी खांबाला टेकून उभी. आतून आईने घंटी वाजवली. तिच्या उशाशी आम्ही देवातली पितळी घंटी ठेवली होती. बोलणं तिचं अडखळायचं, पण घंटी मात्र खणखणीत वाजवायची.

"काय... म्हणतोय... यशवंत?"

"त्याचं नाही आई, घरमालकिणीचं आहे. थांब, वाचतेय."

अर्ध्या पानाचं पत्र. दादा जुलैमध्ये खोली सोडून गेला. नवा पत्ता त्यांच्याकडे नाही. प्रकृती उत्तम होती. हे सगळं मी कोश उघडून, एकेक शब्द पाहत लावलं. मग शेवटचं वाक्य आलं. ते मला आजही तोंडपाठ आहे. एअर हाट मीर गेझाख्ट, डास एअर एव्हेंटुएल त्सु वाइनाख्टेन नाख हाउजे फेअर्ट.

"त्याने मला सांगितलं," मी मराठीत सांगू लागले, "की तो... नाताळला घरी जाणार आहे."

"कुणाच्या घरी?"

"अगं, आपल्या घरी. नाख हाउजे म्हणजे स्वतःच्या घरी."

"नक्की?" ती खाली बसली. "नक्की असं लिहिलंय?"

मी पुन्हा वाक्याकडे पाहिलं. एक शब्द मी मराठीत सांगितला नव्हता. एव्हेंटुएल. तो काही अनोळखी नव्हता, इंग्रजीतला इव्हेंच्युअली. कोशात आपण अनोळखी शब्द बघतो. ओळखीचा कोण बघतं?

"नक्कीच," मी म्हटलं. "हा बघ शब्द. याचा अर्थ सरतेशेवटी. म्हणजे उशीर झाला, पण अखेर नाताळला येतोच आहे."

वहिनीने तो शब्द बोटाने चाचपून पाहिला. मग उठून आत गेली, आणि मी ऐकलं, ती आईला सांगत होती, "नाताळला येतायत. पत्रात लिहिलंय तसं." आईने घंटी वाजवली. एकदा नाही, चारपाचदा, आरतीला वाजवावी तशी.

आता दुसऱ्या पत्राबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ते मराठीत होतं आणि आठ दिवस आधीच आलेलं. चिपळूणहून वहिनीच्या जुन्या मुख्याध्यापिका आठल्येबाईंनी लिहिलं होतं. वहिनी लग्नाआधी त्यांच्याच शाळेत वर्षभर गणित शिकवत होती. शाळेने मुलींचं वसतिगृह काढलं होतं. दिवाळीनंतर गणिताची एक जागा आणि वसतिगृहाची देखरेख, राहायला दोन खोल्या. बाईंनी स्पष्टच लिहिलं होतं: 'तुझी हकीकत माझ्या कानावर आहे. वाट पाहण्यात आयुष्य घालवू नकोस. ही जागा मी तुझ्यासाठी दसऱ्यापर्यंत अडवून धरते. दसऱ्यानंतर मात्र माझ्या हातात राहणार नाही.'

ते पत्र तिने मला चुलीपाशी वाचून दाखवलं होतं, आईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात. मी म्हटलं, "जाशील?"

"जावंसं वाटतंय." ती फुंकणीने उगीचच राख फुंकत होती. "ते येणार असते तर थांबायला अर्थ होता. पण हे असं, ना सवाष्ण ना विधवा... शरयू, मी पोरींना गणित शिकवत होते तेव्हा मला रात्री छान झोप लागायची. तुला हसू येईल."

मला हसू आलं नाही.

"आणि आई?" मी विचारलं.

"आईंचं तुला करावं लागेल. तुझं लग्न होईपर्यंत तरी. पुढे एखादी बाई ठेवता येईल." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला माहितीये, तुझा वर्ग आहे. परीक्षा आहे. म्हणून तर अजून ट्रंक काढली नाही."

दुसऱ्याच दिवशी तिने ट्रंक काढली. झाडून, आतून ओलं फडकं फिरवून, उन्हात उघडी ठेवली. आणि फ्राऊ ब्रिंकमानचं पत्र आलं त्या दुपारी ती ट्रंक उचलून तिने परत माळ्यावर ठेवली. शिडीवरून उतरताना गुणगुणत होती. तिला गाताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

तरी तिने आठल्येबाईंना लगेच नकार कळवला नाही. म्हणाली, "दसऱ्यापर्यंत वेळ आहे. बाई एवढ्या मायेने लिहितात, त्यांना चार ओळी नीट लिहायला हव्यात." मधे रविवार आला, वर्ग झाला. त्या रविवारचं पुढे सांगते.

सोमवारी सकाळी तिने पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं, शुद्धलेखन बघ म्हणाली. एकही चूक नव्हती. 'आपले उपकार जन्मभर विसरणार नाही. परंतु यजमानांचे नाताळात येण्याचे निश्चित झाले आहे.' निश्चित या शब्दापाशी मी थांबले.

"काय गं?" तिने विचारलं. "दुसरी वेलांटी हवी का?"

"नाही. बरोबर आहे."

"मग जाताना पेटीत टाक. दसऱ्याच्या आत पोचायला हवं, नाहीतर बाई उगाच माझ्यासाठी भांडत बसतील."

हरभट रस्त्यावर पोस्टाची पेटी होती. आत पत्र पडल्याचा आवाज आला नाही, पेटी भरलेली असावी. मी हात घालून ते आणखी खाली दाबलं.

नाताळासाठी वहिनीने दादाच्या खोलीला स्वतः चुना लावला. मिरजेहून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून खिडकीच्या गजाला बांधल्या. पंचवीस तारखेला सांजा करून ठेवला, सांज्याच्या पोळ्या दादाला आवडत म्हणून. सव्वीसलाही केला. मग रोज सांजा टाकून द्यायला जिवावर येतं म्हणून रवा नुसताच काढून ठेवू लागली. आई प्रत्येक टांग्याच्या आवाजाला घंटी वाजवायची.

एकतीस डिसेंबरला संध्याकाळी ती माझ्याशेजारी ओसरीवर येऊन बसली.

"त्यांच्यात नाताळ किती दिवस असतो गं?"

"बारा," मी म्हटलं.

तिने बोटं मोजली. "मग अजून सहा दिवस आहेत."

सहा दिवसही गेले. "बेत बदलला असेल," मी म्हटलं. खिडकीच्या गजावरचा कागद तिने सोडला नाही. उन्हाने तो पिवळा पडला आणि पावसात कधीतरी गळून गेला.

दादाने तिकडे दुसरा संसार मांडला होता. हे आम्हाला दोन वर्षांनी कारखान्याच्या माणसाकडून कळलं. वहिनीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मूल आहे?" तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "एक मुलगी." "नाव काय?" ते काही त्याला माहीत नव्हतं.

त्या नाताळनंतर आई नऊ वर्षं जगली. नऊ वर्षं वहिनीने तिची कूस बदलली, दिवसातून सहा वेळा. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. डॉक्टर इतरांना उदाहरण द्यायचे. चिपळूणच्या त्या जागेवर दसऱ्यानंतर आठच दिवसांत दुसरी बाई नेमली गेली. आई गेली तेव्हा वहिनी पस्तिशीची होती आणि आठल्येबाई निवृत्त झाल्या होत्या. मग वहिनीने घरीच दहावीच्या मुलींच्या शिकवण्या सुरू केल्या.

आणि मी? मी मार्चमध्ये परीक्षा दिली, पहिली आले. पुढची दिली. पुण्याला एका मोठ्या कारखान्यात भाषांतरकार म्हणून लागले आणि तेहेतीस वर्षं जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतरित केली. लग्न केलं नाही, करावंसं वाटलं नाही. कारखान्यात मला फार मान होता. माझ्या भाषांतरात चूक नसते, असं सगळे म्हणत. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची: ओळखीच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तो आधी कोशात बघा.

दोन हजार पाच साली कृष्णेला पूर आला. गावभागात पाणी शिरलं. वहिनी शेजाऱ्यांच्या गच्चीवर चार दिवस होती. रस्ता मोकळा झाल्याबरोबर मी पुण्याहून गेले. घरात कमरेइतका चिखल येऊन गेला होता. दोन दिवस आम्ही बायका लावून चिखल काढला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. वहिनीने माळा कोसळून खाली आलेली ती ट्रंक उघडली आणि आतले ओले कागद शेजाऱ्यांच्या त्याच गच्चीवर पसरायला घेतले. उडू नयेत म्हणून प्रत्येकावर वाटी, चमचा, पळी, जे हाताला येईल ते.

ती सदुसष्ट वर्षांची होती. पाठीत वाकली होती, पण जिभेची धार गेली नव्हती. "बघ," मला म्हणाली, "गंगा घरी आली आणि माझं सगळं वाङ्मय वाचून गेली."

मी हसले. तिने एक कागद वाटीखालून काढला, उन्हात धरला. निळसर, कडा विरघळलेल्या. टाइप केलेली अक्षरं मात्र शाबूत होती.

"हे त्या बाईचं. नाव काय गं तिचं?"

"ब्रिंकमान."

"ब्रिंकमान. वाच ना पुन्हा. तेव्हा तू शिकाऊ होतीस. आता तर तुला चांगलं येतं."

तिच्या मनात काही होतं का, मला माहीत नाही. मला वाटतं नव्हतं. म्हातारपणी माणूस जुन्या गोष्टी पुन्हा मागतं, तसं तिने मागितलं. मी चष्मा लावला. 'खोली सोडली, पत्ता नाही, प्रकृती उत्तम' हे वाचलं. मग थांबले.

"आणि ते नाताळचं?"

एकेचाळीस वर्षं मी ते वाक्य बरोबर बाळगलं होतं. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. नुसतं तेव्हाचंच मराठी पुन्हा म्हणायचं होतं.

"त्याने मला सांगितलं," मी वाचलं, "की जमलं तर तो नाताळला घरी जाईल. कदाचित."

वहिनीच्या हातात पळी होती. ती तिने खाली ठेवली.

"कदाचित?"

"हा शब्द आहे ना, एव्हेंटुएल. इंग्रजीत तो 'सरतेशेवटी' झाला. जर्मनमध्ये 'कदाचित', 'घडलंच तर'. फ्रेंचमध्ये तसंच. इटलीत, हॉलंडमध्ये, सगळीकडे तसंच. मूळ शब्द लॅटिन, घडणं, बाहेर येणं. एकट्या इंग्रजाने..." मी बोलतच राहिले. शब्दाला युरोपभर हिंडवत राहिले, सरांसारखी. म्हणजे घरी यायला नको.

तिने मला थांबवलं. "म्हणजे तुझी चूक झाली."

"हो."

"बावीस वर्षांची पोर तू. होते चूक." तिने कागद परत घ्यायला हात पुढे केला. "कधी कळली तुला?"

तिने अगदी सहज विचारलं. आणि आता त्या रविवारचं सांगते.

दसऱ्याआधीच्या रविवारी सरांनी आम्हाला भविष्यकाळातली वाक्यं करायला दिली होती. इंजिनिअरांपैकी घोरपडे म्हणून एक होते, आडदांड, मिशाळ. त्यांनी उभं राहून वाचलं, "इख वेअर्ड एव्हेंटुएल श्टेर्बेन." सरतेशेवटी मी मरणार, असं त्यांना म्हणायचं होतं.

सर हसायला लागले ते थांबेनात. "घोरपडे, हे जर्मनीत बोललात तर लोक म्हणतील, गृहस्थ भलताच आशावादी आहे! तुम्ही काय म्हणालात ठाऊक आहे? 'मी कदाचित मरेन. जमलं तर.'"

सगळे हसले. घोरपडे स्वतः मांडीवर थाप मारून हसले. मीही हसले. हसत असतानाच मला फ्राऊ ब्रिंकमानचं शेवटचं वाक्य आठवलं. सर फळ्यावर लिहीत होते, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, आणि मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होते.

घरी चालत येताना मी वाक्य तयार केलं होतं. 'वहिनी, माझी चूक झाली, तो कदाचित येणार आहे, तू चिपळूणला काय कळवायचं ते तू ठरव.' दाराशी आले तर आईची घंटी वाजत होती. वहिनी आईची ओली चादर काढत होती. घाण वास येत होता. माझ्या हातात वही पाहून ती म्हणाली, "तू वर जाऊन अभ्यासाला बस, शरयू. आईंचं मी बघते."

आणि मी वर गेले.

हे सगळं मी तिला गच्चीवर सांगितलं नाही. एवढं लांबण लावायची छाती नव्हती. मी फक्त म्हटलं, "दसऱ्याआधी. रविवारी. तू बाईंना लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशी."

खाली कोणीतरी पाण्याने अंगण धूत होतं. खराट्याचा आवाज येत होता. वहिनी माझ्याकडे बघत नव्हती, गच्चीभर पसरलेल्या कागदांकडे बघत होती.

"पत्र पेटीत तूच टाकलंस," ती म्हणाली.

"हो."

"शुद्धलेखन बघितलंस."

मी चष्मा काढला.

"मी कदाचितवरही थांबले असते," ती म्हणाली. "नवऱ्याची वाट बघणारी बाई मी, थांबलेच असते बहुतेक. नसतेही. आता कसं सांगणार? पण ते थांबणं माझं असतं. तेवढं तरी माझं असतं."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो झटकला नाही. फक्त दोन्ही हात कामाला लावले. वाट्या उचलल्या, चमचे उचलले, कागद एकावर एक रचले. त्यातून फ्राऊ ब्रिंकमानचं पत्र, मी पाठवलेल्या चिठ्ठीचा कच्चा खर्डा, माझी एक जुनी वही, असं सगळं वेगळं काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"वन्सं," ती म्हणाली, "हे तुम्ही घेऊन जा. तुमच्या भाषेतलं आहे."

मला वाटलं चेष्टा करते. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती.

"आणि निघण्याआधी जेवून घ्या," असं म्हणून ती खाली गेली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. मी दिवाळीला जायची, आजारपणात जायची. ती मला चहा करायची, माझ्या आवडीची भाजी करायची, चार दिवस राहा म्हणायची. प्रेमाने वागायची असंच कोणीही म्हटलं असतं. शेवटच्या दुखण्यात तिची कूस मी बदलायची, दिवसातून सहा वेळा. प्रत्येक वेळी ती डोळे न उघडता म्हणायची, "वन्सं, तुम्हाला त्रास."

शरयू म्हणाली नाही.